महानगरातील पूर्वग्रह : आडनाव, चेहरा आणि पत्ता

(वर्षावास व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यवाहांनी मला 'विषमता' या विषयावर बोलायला सांगितले होते. विषय फार मोठा आहे आणि त्यावर माझ्यापेक्षा अधिकाराने बोलणारी माणसे याच व्यासपीठावरून बोलून गेली आहेत. म्हणून मी त्याचा एक लहान तुकडा निवडला आहे. विषमता म्हटले की आपल्याला खैरलांजी आठवते, आणि ती आठवलीच पाहिजे. पण आपण शहरात राहणारी माणसे. आपल्या वाट्याला रोज येते ते काही वेगळेच असते. लिफ्टमध्ये शेजारच्याने केलेली चौकशी, भाड्याची खोली दाखवता दाखवता एजंटचा बदललेला सूर, कचेरीत डबा उघडताना कोणीतरी जागा बदलणे. यातली एकही गोष्ट पोलीस ठाण्यात जाऊन सांगण्याजोगी नसते. सांगायला गेलो तर ऐकणाराच विचारील, 'मग यात झाले काय?' या 'झाले काय'विषयी मला आज बोलायचे आहे.

आधी शब्दाचा उलगडा करू. माणसांच्या एखाद्या गटाविषयी मनात ठाम बसलेल्या चित्राला इंग्रजीत 'स्टिरिओटाइप' म्हणतात. हा शब्द मुळात छापखान्यातला. पूर्वी खिळे जुळवून मजकूर छापत. एखादे अक्षर चुकले तर जुळारी चिमट्याने तेवढा खिळा उपटून दुसरा बसवी. पण तोच मजकूर वारंवार छापायचा असेल तर जुळवलेल्या पानाचा साचा घेऊन धातूचा एकसंध ठसा ओतत. त्याला स्टिरिओटाइप म्हणत. त्या ठशातले एक अक्षर बदलता येत नाही, बदलायचे तर सगळा ठसा वितळवावा लागतो. अमेरिकन पत्रकार वॉल्टर लिपमन याने १९२२ साली आपल्या 'पब्लिक ओपिनियन' या पुस्तकात हा शब्द माणसाच्या मनाला लावला. तो किती चपखल आहे पाहा. 'तमुक लोक अस्वच्छ' असा ठसा एकदा ओतला की समोर दहा स्वच्छ माणसे उभी केली तरी ठसा बदलत नाही. ती दहा माणसे अपवाद ठरतात. अपवाद ठरवणे ही पूर्वग्रहाची फार मोठी सोय आहे. आपल्यापैकी अनेकांनी ते वाक्य ऐकले असेल, 'तुम्ही त्यांच्यातले वाटत नाही हो.' बोलणारा हे कौतुकाने बोलतो. आपण ऐकून हसतो, कारण त्या क्षणी दुसरे काय करावे ते सुचत नाही. पण त्या कौतुकात आपले आईवडील, आपली वस्ती आणि आपला सगळा समाज 'तसाच' ठरून गेलेला असतो.

खेड्यातून शहरात या, असे बाबासाहेब का सांगत होते, हे नव्या पिढीने लक्षात घेतले पाहिजे. खेड्याविषयी त्यांचे मत किती कठोर होते ते ४ नोव्हेंबर १९४८ च्या संविधान सभेतील भाषणात दिसते. खेड्यात माणूस जन्मताच ओळखला जातो. महारवाड्यात राहणाऱ्याला जात सांगावी लागत नाही, ती त्याच्या वाटेवर, विहिरीवर, मसणवट्यावर लिहिलेली असते. शहरात तसे नसते. इथे हजारो अनोळखी माणसे एकमेकांना घासून चालतात. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे अशी आगगाडी सुटली, तेव्हापासून एका बाकावर कोण बसावे हे तिकीट ठरवू लागले. आज लोकलच्या गर्दीत विटाळ पाळतो म्हणणाऱ्याला घरीच बसावे लागेल. ही शहराची कमाई खरी आहे, ती मी नाकारत नाही.

पण शहरानेही आपले कोपरे राखले. मुंबईच्या कापड गिरण्या घ्या. आपली माणसे गिरण्यांत होती, पण विणाई खात्यात त्यांना प्रवेश नव्हता. कारण काय? धोट्यातली कांडी बदलताना सुताचे टोक तोंडाने ओढून घ्यावे लागे. अस्पृश्याने तोंड लावलेला धोटा इतर कामगार कसा हाती घेतील, हा प्रश्न. आणि विणाई खात्यातच पगार जास्त. म्हणजे विटाळ नुसता मनाचा राहिला नाही, तो पगाराच्या पाकिटात शिरला. १९२८ च्या मोठ्या संपात बाबासाहेबांनी ही अट काढून टाका अशी मागणी धरली, आणि कामगारांची एकजूट म्हणणाऱ्या पुढाऱ्यांना ती मागण्यांच्या यादीत घेणे जड गेले. वाफेवर चालणारी यंत्रे, कामगार संघटना, लाल बावटा, सगळे होते. पण धोटा कोणी तोंडाला लावायचा हे मनूच ठरवत होता. त्याआधी १९१८ साली बाबासाहेब सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापक झाले, तेव्हा प्राध्यापकांच्या खोलीतल्या पाण्याच्या भांड्याला त्यांनी हात लावण्यास काही सहकाऱ्यांनी हरकत घेतली, असे चरित्रकारांनी नोंदवले आहे. न्यूयॉर्क आणि लंडन पाहून आलेला अर्थशास्त्राचा प्राध्यापक, आणि सहकाऱ्यांची नजर पाण्याच्या भांड्यावर!

विद्यार्थ्यांना माझी विनंती आहे की त्यांनी बाबासाहेबांचे 'वेटिंग फॉर अ व्हिसा' हे लहानसे आत्मकथन वाचावे. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने ते १९९० साली पुस्तिकारूपाने प्रसिद्ध केले. एका बैठकीत वाचून होते. त्यातला १९१७ चा बडोद्याचा प्रसंग सर्वांना ठाऊक आहे. पारशी धर्मशाळेत दिवसाला दीड रुपया भाड्याने बाबासाहेब राहिले आणि अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला पारशांचा जमाव दारात आला. पण त्यापुढचा भाग आपण घाईने वाचतो. त्या दिवशी ते दोन मित्रांकडे गेले. हिंदू मित्र म्हणाला की तुम्ही घरी आलात तर माझे नोकर निघून जातील. दुसरा ख्रिस्ती झालेला ब्राह्मण. त्याने बायकोला विचारावे लागेल म्हटले, आणि बायको अजून जुन्या वळणाची होती. शेवटी रात्री नऊची मुंबईची गाडी येईपर्यंत बाबासाहेब बागेत बसून राहिले. पुढे १९३४ साली दौलताबादच्या किल्ल्यात तळ्यावरचे पाणी वापरले म्हणून आरडाओरडा करणारा म्हातारा मुसलमान होता. या पुस्तिकेत पारशी आहेत, हिंदू आहेत, ख्रिस्ती आहेत, मुसलमान आहेत. पूर्वग्रहाला धर्मांतर करावे लागत नाही, तो आहे तसा एका धर्मातून दुसऱ्या धर्मात राहायला जातो. हे वाक्य आपण स्वतःलाही लावून पाहिले पाहिजे. त्याकडे मी पुढे येईन.

त्याच पुस्तिकेतला चाळीसगावचा प्रसंग १९२९ चा. बाबासाहेब सरकारी चौकशी समितीचे सदस्य, बॅरिस्टर. स्टेशनापासून महारवाडा दोन मैलांवर. टांगेवाले गाडी हाकायला तयार नाहीत. तोडगा असा निघाला की टांगा भाड्याने मिळेल, हाकणारा तुमचा तुम्ही बघा. आपल्यातला एक माणूस बसला, त्याने जन्मात टांगा हाकला नव्हता. नदीवरच्या मोरीपाशी चाक अडले, घोडा उधळला, बाबासाहेब दगडी फरसबंदीवर फेकले गेले आणि पाय मोडला. विचार करा, टांगेवाल्याची मिळकत ती काय, त्याची समाजात पत ती काय? तरी एका गोष्टीत तो बॅरिस्टरापेक्षा वरचा होता आणि ती गोष्ट त्याला सोडवत नव्हती. ज्याच्याजवळ दुसरे काहीच नाही, त्याला जन्माचा मोठेपणा सर्वांत प्रिय असतो. अमेरिकेच्या दक्षिण भागातल्या गरीब गोऱ्यांविषयी तिथल्या अभ्यासकांनी हेच लिहिले आहे.

अमेरिकेचे नाव आले तेव्हा एक प्रश्न इथेच निकालात काढू. जात म्हणजे वंश आहे काय? इंग्रजी अमदानीत हर्बर्ट रिस्ले नावाचा अधिकारी होता, १९०१ च्या खानेसुमारीचा प्रमुख. त्याने माणसांची नाके मोजली. नाकाची लांबी-रुंदी घेऊन त्याने सिद्धांत मांडला की नाक जितके रुंद तितकी जात खालची. 'नाक वर करून चालणे' या आपल्या वाक्प्रचाराला त्याने जणू शास्त्र मिळवून दिले! बाबासाहेबांनी १९३६ च्या 'जातिसंस्थेचे निर्मूलन' या भाषणात सांगितले की पंजाबचा ब्राह्मण आणि पंजाबचा चांभार वंशाने एकच आहेत. पुढे १९४८ च्या अस्पृश्यांवरील ग्रंथात मोजमापांचे तेच आकडे घेऊन त्यांनी वंशाचा सिद्धांत खोडून काढला. तेव्हा जात म्हणजे वंश नव्हे, यात शंका नको. पण म्हणून दोन्हींचा संबंधच नाही, असे म्हणणेही चुकीचे. १९४६ साली बाबासाहेबांनी निग्रो विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्युबॉइस यांना पत्र लिहून दोन्ही समाजांच्या स्थितीतले साम्य नोंदवले. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली ती ब्लॅक पँथरचे नाव घेऊनच. २००१ साली डर्बनला वंशवादविरोधी जागतिक परिषद भरली, तेव्हा जातीचा विषय तिथे नको अशी भारत सरकारची भूमिका होती. वर्षभराने, २००२ साली, संयुक्त राष्ट्रांच्या वंशभेदविषयक समितीने वंशपरंपरेने येणारा भेदभाव या कलमात जातीचा समावेश होतो असे स्पष्ट केले. जात आणि वंश यांची मुळे वेगळी असली तरी दारात उभ्या असलेल्या माणसाला मिळणारे उत्तर सारखेच असते.

फरक एकच, आणि शहरात तो फार महत्त्वाचा ठरतो. काळा माणूस दुरून दिसतो. आपण दिसत नाही. म्हणून शहरातला पूर्वग्रह आधी तपास करतो. 'आडनाव काय?' 'गाव कुठले?' 'गावात कुठे?' 'मूळचे आडनाव हेच का?' चौकशी गोड असते, चहा पीत चाललेली असते. आडनावावरून कळले नाही तर पत्ता विचारतात, पत्त्यावरून कळले नाही तर भिंतीवरची तसबीर पाहतात. वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय महाराष्ट्र सरकारने २०२० च्या डिसेंबरात घेतला. चांगला निर्णय. पण ज्याला ओळखायचे आहे तो नव्या नावावरूनही ओळखायला शिकतो. बाबुराव बागुलांच्या 'जेव्हा मी जात चोरली होती' या कथेत रेल्वेत नोकरीला लागलेला आपला तरुण परक्या गावी जात लपवून राहतो. हा कथासंग्रह १९६३ चा. साठ वर्षे उलटली. आजही आपली मुले पुण्यात, बेंगळुरूत खोली घेताना आडनाव सांगावे की वडिलांचे नाव सांगून थांबावे याचा विचार करतात, हे या सभागृहातल्या पालकांना मी सांगायला नको.

हे केवळ आपले वाटणे आहे, असे कोणी म्हणेल. म्हणून दोन अभ्यास सांगतो. सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांनी इंग्रजी वर्तमानपत्रांतील ५४८ खासगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना ४,८०८ अर्ज पाठवले. शिक्षण सारखे, फक्त नावे वेगळी. नावावरून कोणी सवर्ण वाटे, कोणी दलित, कोणी मुसलमान. हा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. मुलाखतीचे बोलावणे येण्याची शक्यता सवर्ण नावाला एक धरली, तर दलित नावाला ती ०.६७ निघाली आणि मुसलमान नावाला ०.३३. दुसरा अभ्यास शिकागो आणि बोस्टनचा, २००४ सालचा. तिथे सुमारे पाच हजार अर्ज पाठवले. गोऱ्यांची वाटणारी नावे असलेल्यांना काळ्यांची वाटणारी नावे असलेल्यांपेक्षा दीडपट बोलावणी आली. दोन देश, दोन समाज, पण कागदावरचे नाव वाचणारा डोळा एकच. आणि लक्षात घ्या, त्या अर्जांना उत्तर न देणाऱ्या अधिकाऱ्यांपैकी कोणीही स्वतःला जातीयवादी म्हणवून घेणार नाही. 'चांगला उमेदवार निवडला' असेच त्यांना प्रामाणिकपणे वाटले असेल.

याच्या उलट गंमत एका जुन्या अभ्यासात आहे. रिचर्ड लापिएर नावाचा अमेरिकन प्राध्यापक १९३० ते १९३२ या काळात एका चिनी विद्यार्थ्याला आणि त्याच्या पत्नीला घेऊन अमेरिकाभर मोटारीने फिरला. तेव्हा तिथे चिन्यांविषयी फार तिटकारा. ही मंडळी २५१ हॉटेलांत आणि खानावळींत गेली, नकार एकाच ठिकाणी मिळाला. नंतर त्याने त्याच जागांना पत्र लिहून विचारले की तुम्ही चिनी गिऱ्हाईक घ्याल काय? उत्तर देणाऱ्यांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिकांनी 'नाही' लिहिले. म्हणजे ज्यांनी त्या दोघांना हसतमुखाने जेवू घातले होते तेच लोक कागदावर नाही म्हणत होते! समोर उभा असलेला नीटनेटका, हसून बोलणारा माणूस वेगळा आणि मनातला 'चिनी' वेगळा.

मी बँकेत कारकून आहे. काउंटरच्या काचेमागून बरीच वर्षे माणसे पाहतो आहे. काउंटर ही पूर्वग्रहाची प्रयोगशाळाच समजा. पांढऱ्या शर्टातला माणूस आला की 'या साहेब, काय काम?' आणि सिमेंटचे हात घेऊन नाक्यावरचा मजूर आला की 'काय रे, काय पाहिजे?' दोघांचे पैसे सारखे, दोघांच्या पासबुकाचा रंगही सारखा. मराठीत 'अरे' आणि 'अहो' यांच्यात एका अक्षराचेच अंतर आहे, पण त्या एका अक्षरात अख्खी समाजरचना आहे. एकदा रांगेत सफाई कामगार बाई उभ्या होत्या. पैसे भरण्याची स्लिप हातात होती. शेजारच्या काउंटरवरच्या सहकाऱ्याने न पाहताच सांगितले, 'अंगठ्यासाठी त्या टेबलावर जा.' बाई म्हणाल्या, 'मला सही येते. माझी मुलगी बी.एस्सी.ला आहे, तिची फी भरायचीये.' सहकारी वाईट माणूस नव्हे, अडल्या-नडल्याला धावणारा. त्याला साडी दिसली, झाडू दिसला, आणि ठशाने बाकीचे वाक्य पूर्ण केले. बाईंनी सही केली. ठळक, सावकाश, पूर्ण नावाची. मागच्या माणसाने 'जरा लवकर' म्हटले, तरी त्यांनी एकही अक्षर गाळले नाही.

विद्यार्थ्यांसाठी एक गोष्ट मुद्दाम राखून ठेवली आहे. कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे या दोन संशोधकांनी उत्तर प्रदेशातल्या खेड्यात शाळकरी मुलांना कागदावरची चक्रव्यूहाची कोडी सोडवायला दिली. कोणाची जात कोणती हे जाहीर केले नाही तेव्हा सवर्ण आणि दलित मुलांनी जवळजवळ सारखीच कोडी सोडवली. मग दुसऱ्या गटात मुलांची नावे, वडील-आजोबांची नावे आणि जात मोठ्याने वाचून दाखवली. दलित मुलांची सुटलेली कोडी एकदम कमी झाली. मुले त्याच कुवतीची, कोडी त्याच प्रकारची, फक्त जात उच्चारली गेली. आता आपल्या वर्गात काय होते ते आठवा. 'स्कॉलरशिपवाले उभे राहा.' हे वाक्य ज्यांनी ऐकले आहे त्यांना मी काय म्हणतो ते समजेल. शिष्यवृत्ती हा हक्क आहे, तिची नोंद कार्यालयात गुपचूप होऊ शकते. सगळ्या वर्गापुढे उभे करून त्या मुलाच्या डोक्यावर शिक्का कशासाठी? गणिताच्या तासाला फळ्याकडे पाहायचे सोडून तो आपल्या पाठीवर कोणाची नजर आहे याचा विचार करू लागतो. पालकांनी ही गोष्ट मुख्याध्यापकांना शांतपणे, पण लेखी कळवली पाहिजे.

आता घराकडे वळतो, कारण शहरात सर्वांत अवघड दार घराचेच असते. दुकान, उपाहारगृह, विहीर, रस्ता यांना संविधानाचे १५ वे कलम लागू आहे. सोसायटीचे सभासदत्व कोणाला द्यावे, इथे मात्र कायदा डळमळतो. अहमदाबादच्या पारशी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली, फक्त पारशांनाच सभासद करण्याचा उपविधी वैध ठरवला. न्यायालयाने संघटना स्थापण्याच्या स्वातंत्र्याचा आधार घेतला, तो समजून घेता येतो. पण 'आपल्या लोकांची सोसायटी' या कल्पनेला त्यामुळे बळ मिळाले, हेही खरे. मुंबईत १९९२-९३ च्या दंगलीत नऊशे माणसे गेली, त्यानंतर शहरातल्या वस्त्या आणखी फाटल्या. मिश्र चाळींतले मुसलमान मुंब्र्याकडे गेले. शेजारी नसला की ठसा ओतायला वेळ लागत नाही, कारण त्याला खोटे पाडायला जिन्यात कोणी भेटतच नाही.

इथे मला आपल्याविषयी बोलायचे आहे. कोणाला राग आला तर सभा संपल्यावर सांगा. आपल्या समाजातली पहिली पिढी बीडीडी चाळीत, झोपडपट्टीत वाढली. दुसरी पिढी नोकरीला लागली, तिने कर्ज काढून फ्लॅट घेतले. काहींनी दोन घेतले, एक भाड्याने दिला. म्हणजे आपण आता घरमालक झालो आहोत. आणि एजंटला आपणही सांगू लागलो आहोत की मुसलमान नको, 'भय्या' नको, ईशान्येकडच्या मुली नकोत. मी हे ऐकीव सांगत नाही, आपल्याच सभासदांच्या तोंडून ऐकलेले सांगतो. ज्याच्या बापाला खोली नाकारली तोच आज कडी लावून घेतो. पाच वर्षे खोलीसाठी हिंडलेल्या माणसाला दार बंद होण्याचा आवाज ओळखीचा असायला हवा.

ईशान्येकडच्या मुलामुलींचे घ्या. निडो तानिया हा अरुणाचलचा विद्यार्थी. २०१४ च्या जानेवारीत दिल्लीच्या लाजपतनगरात त्याच्या केसांची टिंगल झाली, भांडण झाले, मारहाण झाली आणि दुसऱ्या दिवशी तो मेला. त्यानंतर केंद्र सरकारने बेझबरुआ समिती नेमली. २०१२ च्या ऑगस्टमध्ये अफवांमुळे बेंगळुरूहून आणि आपल्या पुण्याहूनही ही मुले गाड्या भरभरून घरी गेली. २०२० साली करोना आला, तेव्हा त्यांना रस्त्यात 'करोना' म्हणून हाका मारल्या. तवांगचे मोनपा बौद्ध आहेत, चकमा बौद्ध आहेत, लडाखची निम्मी लेह बाजू बौद्ध आहे. म्हणजे आपण रोज ज्याला शरण जातो त्याच बुद्धाला ही मुले शेकडो वर्षांपासून शरण गेलेली. आणि आपली पोरे नाक्यावर उभी राहून त्यांना 'चिंकी' म्हणतात! अर्थात ती बौद्ध आहेत म्हणून त्यांचा मान राखायचा, असे मी म्हणत नाही. ती नसती तरी फरक पडायला नको होता. पण निदान घरचे माणूस तरी ओळखा.

आफ्रिकेतल्या विद्यार्थ्यांची गत याहून वाईट. २०१६ साली बेंगळुरूत एका सुदानी विद्यार्थ्याच्या मोटारीने अपघात झाला. जमावाने थोड्या वेळाने तिथे आलेल्या टांझानियाच्या मुलीला मारहाण केली. सुदान कुठे, टांझानिया कुठे? काळे ते सगळे एक, एवढेच जमावाला ठाऊक. आपल्या मराठीत 'हबशी' हा शब्द काळ्या, धिप्पाड माणसाला हिणवायला वापरतात. हबशी म्हणजे ॲबिसिनियाचा, आजच्या इथिओपियाचा माणूस. गुलाम म्हणून विकला गेलेला असाच एक हबशी, मलिक अंबर, दख्खनचा कारभारी झाला. त्याने १६१० साली खडकी वसवली. तिला पुढे औरंगाबाद म्हणू लागले आणि आज ते छत्रपती संभाजीनगर आहे. तिथे त्याने नहर बांधून पाणी खेळवले. त्याच शहरात बाबासाहेबांनी १९५० साली आपल्या मुलांसाठी महाविद्यालय काढले. मिलिंदमध्ये शिकलेल्यांपैकी कितींना ठाऊक असेल की हे नगर एका हबशाने वसवले?

आणि गोऱ्या रंगाचे वेड आपल्या घरात नाही काय? समाजाच्या वधू-वर मेळाव्याचे अर्ज मी पाहिले आहेत. त्यात 'वर्ण' असा रकाना असतो आणि त्यात 'गोरा', 'गहूवर्णी', 'सावळा' असे लिहायचे असते. सावळ्या मुलींचे फोटो मागे ठेवतात. एका मेळाव्यात तर पूर्वीची पोटजातही तोंडी विचारत होते. चातुर्वर्ण्य सोडले आणि त्वचेचा वर्ण धरला, असे झाले! हा रकाना आपल्या संस्थेच्या अर्जातून काढावा, असे मी कार्यकारिणीला लेखी दिले आहे.

उपाय काय, असे विद्यार्थी विचारतील. गॉर्डन ऑलपोर्ट या मानसशास्त्रज्ञाने १९५४ साली सांगितले की नुसत्या सहवासाने पूर्वग्रह जात नाही. बरोबरीचे स्थान हवे, काम एक हवे, ते मिळून करायला हवे आणि वरिष्ठांचा त्याला पाठिंबा हवा. लोकलमध्ये आपण तासभर अंगाला अंग लावून उभे असतो, तरी मन बदलत नाही, त्याचे कारण हे. मालकीण आणि मोलकरीण एका स्वयंपाकघरात वीस वर्षे राहतात, तरी कपबशी वेगळीच राहते.

तथागतांनी हे अडीच हजार वर्षांपूर्वी जाणले होते. वासेट्ठ सुत्तात ते म्हणतात की झाडे, कीटक, मासे, पक्षी यांच्यात जन्माने भेद दिसतो, माणसात तसा भेद करणारे चिन्ह नाही. हा झाला विचार. पण मला त्यांची संघातली व्यवस्था अधिक मोलाची वाटते. अनुरुद्ध, भद्दिय, आनंद हे शाक्य राजपुत्र आणि त्यांचा न्हावी उपाली एकदमच प्रव्रज्या घ्यायला आले. राजपुत्रांनीच विनंती केली की उपालीला आधी दीक्षा द्या, म्हणजे तो आम्हाला ज्येष्ठ होईल आणि आम्हाला त्याला वंदन करावे लागेल, शाक्य म्हणून असलेला आमचा ताठा त्याने मोडेल. तथागतांनी तसेच केले. उपदेश करून ताठा मोडला नाही, रोज सकाळी न्हाव्यापुढे वाकावे लागले म्हणून मोडला. तोच उपाली पुढे विनयाचा सर्वश्रेष्ठ जाणकार झाला आणि पहिल्या संगीतीत विनय त्याच्याकडून वदवून घेतला.

म्हणून मी कार्यकारिणीपुढे एक साधी गोष्ट ठेवली आहे. संस्थेच्या कार्यालयात एक वही ठेवावी. ज्या सभासदांना खोली भाड्याने द्यायची असेल त्यांनी तीत खोलीचा पत्ता, भाडे आणि अनामत लिहावी. बाहेरगावच्या कोणत्याही विद्यार्थ्याला ती वही पाहता येईल. लडाखचा असो, मणिपूरचा, भिवंडीचा की नांदेडचा, करार बघून खोली द्यायची. जात, धर्म आणि जेवण यांची चौकशी करायची नाही. कार्यवाहांनी वही आणली आहे, ती दाराजवळच्या टेबलावर आहे. आज सकाळपर्यंत तीत दोन खोल्यांची नोंद झाली आहे, एक कळव्याची आणि एक विक्रोळीची.